एकाच बाकावरचे दोघे, पगार मात्र दुप्पट: डिग्री मोजतात की घर?

सड्यावरचा (धागाकर्ता)

२०२५ च्या निकालातही कोकण विभाग राज्यात पहिला. दहावीला ९८.८२ टक्के, बारावीला ९६.७४. आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर अभिनंदन चालू आहे. पोरं खरंच हुशार आहेत. पण दर वर्षी या दिवसांत मला एकच विचार येतो, की ही मार्कं पुढे पगारात दिसतात का?

मी राजापूर तालुक्यातला. माझा एक मित्र आणि मी पहिलीपासून एका बाकावर. दोघांनी रत्नागिरीला मेकॅनिकल केलं, एकाच वर्षी पास झालो. मार्कं माझी दोन टक्क्यांनी जास्तच. त्याचे वडील बँकेत, मामा ठाण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये. माझे वडील चिरेखाणीवर. चिरे कापायला मशीन आलं तरी उचलायला माणूसच लागतो, आणि त्या वर्षी त्यांची कंबर गेली होती. पाठची बहीण बारावीत.

निकालानंतर एकविसाव्या दिवशी मी कामाला लागलो. कंत्राटदारामार्फत, महिना ११ हजार. मित्र नऊ महिने मामाकडे राहिला. दोन कोर्स केले, मुलाखती दिल्या, १२ हजारांची नोकरी नाकारली, १५ची नाकारली आणि शेवटी २४ हजारांवर लागला. तेव्हा मी त्याला फोनवर म्हणायचो, अरे मिळतंय ते घे. आता वाटतं त्याचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं, कारण आमच्या घरात नऊ महिने काढायला काही नव्हतंच.

पुढचं गणित बघा. नोकरी बदलताना पहिला प्रश्न असतो, 'सध्या किती घेता?' त्यावर तीसेक टक्के वाढवून देतात. माझे ११ हजारांचे १४,३०० झाले, त्याचे २४ हजारांचे ३१,२००. टक्के सारखे, पण अंतर १३ हजारांवरून १६,९०० वर गेलं. आठ वर्षांत आम्ही दोघांनी तीन-तीनदा नोकरी बदलली. आज मी २४ हजारांच्या आसपास, तो साडेबावन्नच्या पुढे. तो जिथून सुरू झाला तिथे पोचायला मला आठ वर्षं लागली.

शिकून काय उपयोग, असं मी म्हणत नाहीये. शिकलो नसतो तर आज चिरे उचलत असतो. म्हणणं एवढंच आहे की शिक्षणाने माणसाचा भाव वाढतो, पण त्या भावासाठी किती दिवस थांबता येईल हे घर ठरवतं. पैशाची नड असली की बागायतदार फळाची वाट न बघता मोहोरावरच आंब्याची बाग देऊन टाकतो ना, तशी मी डिग्री दिली.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? आकड्यांनिशी लिहा, मोघम नको.

लोटे फिटर

आयटीआय फिटर, लोटे परशुराम एमआयडीसीत चौदा वर्षं. धागा वाचून जेवण बाजूला ठेवलं.

आमच्या प्लांटमध्ये तीन प्रकारची माणसं एकच व्हॉल्व्ह उघडतात. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि अप्रेंटिस. हात तेच, पगार तीन. कायम कोण झाला? ज्याचा काका-मामा आधीपासून आत होता तो. वशिलाच असतो असं नाही. जागा निघणार आहे हे त्याला महिनाभर आधी कळतं, एवढंच. आम्हाला कळतं तेव्हा यादी लागलेली असते.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. धागाकर्त्यांनी जे मांडलंय त्यावर पन्नास वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जेकब मिन्सर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७४ मध्ये एक समीकरण मांडलं. पगार (खरं तर पगाराचा लॉगॅरिदम) दोन गोष्टींवर उभा करायचा, शाळा-कॉलेजात काढलेली वर्षं आणि कामाचा अनुभव. अनुभवाने पगार आधी भराभर चढतो, मग चढण मंदावते. जगभरच्या देशांची आकडेमोड एकत्र केली तर शिक्षणाच्या एका जास्तीच्या वर्षाने कमाई सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसते.

लगेच प्रश्न आला. जो जास्त शिकतो तो बऱ्याचदा बऱ्या घरातलाच असतो. मग ही वाढ शिक्षणाची की घराची? हे वेगळं काढायचं कसं? ओहायोत ट्विन्सबर्ग नावाच्या गावी जुळ्यांचा मोठा मेळावा भरतो. ॲशनफेल्टर आणि क्रूगर हे दोघे संशोधक तिथे गेले आणि एकसारख्या जुळ्यांना त्यांचं शिक्षण आणि पगार विचारला. आईबाप एक, घर एक, रक्त एक, शिक्षण मात्र कमीजास्त. १९९४ मध्ये निष्कर्ष छापून आला: जास्त शिकलेल्या जुळ्याला पगारही जास्त. पुढच्या मोठ्या पाहणीत हा फरक कमी निघाला, पण उरलाच. म्हणजे घर सारखं ठेवलं तरी शिक्षणाचं मोल उरतं. 'सगळं नशिबावर आणि बापावर' म्हणणाऱ्यांना मी वर्गात हे उदाहरण नेहमी देते.

पण सड्यावरचा, तुमचा प्रश्न याच्या उलट आहे. तुमचं शिक्षण सारखं आणि घर वेगळं. आपल्या देशात तिथे काय दिसतं, ते उद्या लिहिते. पेपर तपासायचेत.

रापणकार

मालवणातसून लिवतंय. माझो बापूस रापणीर जायत होतो. आमच्या घरात दहावी झालेलो मी पयलोच.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, त्याला वाटे असतात. जाळं ओढायला जो जो हात लावतो त्याला वाटा मिळतो, शिकलेला असो नसो. लहानपणी मला तोच न्याय वाटायचा. आता मित्र ट्रॉलरवर तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आहे, सातवी पास, आणि चांगल्या हंगामात बी.ए. झालेल्या माझ्यापेक्षा दुप्पट कमावतो. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा तो घरी जाळी विणतो. पीएफ नाही, पेन्शन नाही, पाठ गेली की संपलं. तरी आजच्या घडीला कमाई त्याचीच जास्त. मग शिक्षणाने पगार वाढतो हे सरसकट खरं कसं?

पांढरा समुद्र

@रापणकार, बोट कोणाची आहे?

रापणकार

काकाची.

पांढरा समुद्र

तेच म्हणतोय मी. मिरकरवाड्यात आमच्या बोटींवर खलाशी नेपाळी आहेत. तांडेलाइतकंच जागरण, तोच वारा, तीच भरती-ओहोटी. त्यांना हंगामाची ठरलेली रक्कम. तुमचा मित्र खलाशाचा तांडेल झाला कारण काकाने सुकाणू हातात दिलं, मासा कुठे लागतो ते चार वर्षं शेजारी उभं करून दाखवलं. समुद्रातलं हे शिक्षणच आहे, फक्त त्याचा प्रवेश घरातून होतो. माझ्या बोटीवर एक नेपाळी पोरगा सहा हंगाम आहे, मासळीची जाण माझ्या पुतण्यापेक्षा जास्त. सुकाणू पुतण्याकडे आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण आकड्यांनिशी लिहा म्हणालात म्हणून खरं ते लिहिलं.

गिरणगाव ते गुहागर

वडील लालबागच्या गिरणीत, मूळ गाव गुहागर तालुक्यात. ओळखीचं शिक्षण म्हणजे काय ते आमच्या पिढीने पाहिलंय.

वडील चौथी शिकलेले. मुंबईत उतरले ते सरळ गावच्या खोलीवर. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायला जागा पुरायची. चुलत्याने मुकादमाला शब्द टाकला, आधी बदली कामगार (कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी), मग कायम. चौथी पास माणसाने गावी मनीऑर्डर पाठवून दोन भाऊ शिकवले. त्या काळात गाव, वाडी, नातं हीच डिग्री होती.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संप कधी मागे घेतला असं झालंच नाही, गिरण्याच गेल्या. रातोरात त्या ओळखीची किंमत शून्य झाली, कारण ज्यांची ओळख सांगायची तेच घरी बसले. मी तेव्हा नववीत. थोरल्या भावाला वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, दहावी झाली की गिरणीत माझ्या खात्यात लावतो. तो दहावीनंतर शिकलाच नाही. वॉचमन म्हणून निवृत्त झाला. धाकटी बहीण, जिच्यासाठी कोणी काही ठरवलं नव्हतं, ती टायपिंग शिकली, इंग्रजी शिकली, आणि आमच्यात सगळ्यात जास्त पगार तिने घेतला.

वाशिष्ठीकाठ

गिरणगाव काका, तुमच्या घरात जे झालं ते एका अभ्यासात जवळजवळ तसंच आलंय. मी तेच आज लिहिणार होते.

कैवन मुंशी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी दादरच्या शाळांत वीस वर्षांच्या काळात दाखल झालेल्या मुलामुलींचा अभ्यास केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. घरं मराठीच. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था खुली झाली आणि इंग्रजी येणाऱ्यांचे पगार वर गेले. तरी कष्टकरी जातींतले मुलगे मराठी माध्यमातच जास्त राहिले, कारण जातीच्या-गावच्या ओळखीतून त्यांना कारखान्यातली, हातकामाची नोकरी मिळत आली होती. त्या ओळखीने बापाला तारलं होतं, तीच मुलाला धरून बसली. मुलींना त्या जाळ्यात कधी जागाच नव्हती, म्हणून त्या इंग्रजीकडे भराभर वळल्या.

म्हणजे पाठीशी घर असणं नेहमी फायद्याचंच असतं असं नाही. ते घर कुठल्या दारापाशी नेऊन सोडतं ते बघावं लागतं.

आणि एक आकडा, कंत्राटी-रोजंदारीवाल्यांसाठी. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या रोजगार अहवालात आहे. २००४ मध्ये रोजंदारीवर जाणाऱ्या बापांचे ८० टक्क्यांहून जास्त मुलगे रोजंदारीवरच होते. २०१८ पर्यंत इतर जातींत हे प्रमाण ८३ वरून ५३ वर आलं. अनुसूचित जाती-जमातींत ८६ वरून ७६. वाट सगळ्यांनाच मोकळी झाली, पण रुंदी सारखी नाही.

भारजाकाठ

मंडणगडचा आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमध्ये राहून १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीवर हजर झाले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही आणि नोकरी सोडून परतावं लागलं. पदवीचा भाव घर बघून ठरतो का, हा प्रश्न आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वीच विचारून झालाय.

आता कोणी तोंडावर काही बोलत नाही. थोरात आणि ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलली. २००७ मध्ये निकाल छापला. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी. धाग्यात सगळे मामा-काका म्हणतायत, ते ठीकच. पण मामाचं आडनाव काय आहे, हेही लिहा.

घाटमाथा

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. मी हमालाचा मुलगा, आज वर्ग दोन अधिकारी. कोणी मामा नव्हता. घराकडे बोट दाखवायला लागलं की पोरं प्रयत्न सोडतात, हे मी माझ्या गावात पाहिलंय. परीक्षा आडनाव विचारत नाही, पेपर तपासणाऱ्याला तुमचा बाप माहीत नसतो. अभ्यास करा. या धाग्याने कोण्या हुशार मुलाचं मन खचलं तर ते मला चालणार नाही.

सड्यावरचा

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे आणि मन खचवायचा माझा हेतू नाही. एकच विचारतो. स्पर्धा परीक्षेची तयारी किती वर्षं केलीत, आणि त्या काळात जेवणाचा, खोलीचा खर्च कुठून आला?

घाटमाथा

चार वर्षं.

खर्च ताईने केला. ती अकरावीतच शाळा सोडून शिवणाच्या कारखान्यात लागली होती. तिचीही मार्कं चांगली होती.

मी माझं मत मागे घेत नाही, अभ्यासाशिवाय काही होत नाही. पण 'कोणी नव्हतं' हे मी चुकीचं लिहिलं. ताईला आज फोन केला.

पगारपत्रक

पुण्यात एचआरमध्ये अकरा वर्षं, माहेर देवगड. हा धागा तीन दिवस नुसता वाचतेय. आता लिहिते.

मुलाखतीत आम्ही विचारतो, 'घरी कोण कोण? वडील काय करतात?' आवाज मायेचा असतो. विचारण्यामागे काय असतं ते सांगते. वडील नोकरीत असतील तर उमेदवार थोडं ताणून धरेल, हे आम्हाला कळतं. वडील आजारी, बहिणीचं शिक्षण चालू, असं म्हटला की तो आकडा फारसा ओढणार नाही, हेही कळतं. बजेट २४चं असताना मी १८ वर सही घेतलेली आहे, एकदा नाही. माणूस खूश होऊन गेला आणि वरच्यांनी मला शाबासकी दिली. हे फक्त माझ्या अनुभवातलं नाही. जोधका आणि न्यूमन यांनी दिल्लीत २५ एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यात बहुतेकांनी कौटुंबिक पार्श्वभूमी बघतो असं मोकळेपणाने सांगितलं. 'चांगल्या घरातला' याचा अर्थ आम्ही 'चांगलं काम करणारा' असा लावतो. दोन्हींचा संबंध मला तरी अकरा वर्षांत दिसलेला नाही.

म्हणून नवीन मुलामुलींसाठी: घरची अडचण मुलाखतीत सांगू नका. 'घरी सगळे आपापल्या कामात आहेत' एवढं पुरे. 'सध्या किती घेता' विचारलं तर आधी 'या कामाला बाजारात अमुक मिळतात, माझी अपेक्षा तमुक आहे' असं म्हणा. पगाराच्या स्लिपा मागितल्या तर द्याव्या लागतील, पण आकडा आधी तुमच्या तोंडून जाऊ दे. आणि ऑफर आली की एक रात्र मागा. मागणाऱ्याची ऑफर मी कधी रद्द केलेली नाही.

लोटे फिटर

ताई, हे चौदा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर.

केवडा

मी वयाने सगळ्यांत लहान असेन इथे. गुहागर तालुका, यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झाले. बाबा ट्रॉलरवर खलाशी, आई काजूच्या कारखान्यात. धाकटीच्या इंजिनीअरिंगला मुलींची फी माफ झाली (आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना २०२४-२५ पासून), म्हणून तिचं निभावतंय. माझं झालं बी.एस्सी., त्याला तो निर्णय लागू नव्हता.

चिपळूणजवळच्या एका कंपनीत लॅबमध्ये १२ हजारांची नोकरी समोर आहे, कंत्राटी. सर म्हणतात मुंबईत औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये प्रयत्न कर, दोन-तीन महिने एचपीएलसी मशीनचा (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) कोर्स कर, मग सुरुवातच वरून होईल. कोर्सचे पैसे मी शिकवण्या घेऊन साठवलेत. राहायचं कुठे हा प्रश्न आहे. बाबा म्हणतात खोलीचं भाडं जमणार नाही, आणि एकटीला नाही पाठवणार. बुधवारपर्यंत कंपनीला कळवायचंय.

पगारपत्रक

बायोडेटा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आज रात्रीच दुरुस्त करून देते. आणि बुधवारी नाही म्हणू नकोस, 'सोमवारपर्यंत कळवते' म्हण. कारण विचारलं तर घरी चर्चा चालू आहे म्हण.

वाशिष्ठीकाठ

कोर्स निवडताना मशीनवर प्रत्यक्ष किती तास हात लावू देतात ते विचार. नुसतं प्रमाणपत्र देणारे बरेच आहेत.

गिरणगाव ते गुहागर

गावची खोली अजून लालबागला आहे, पण तिथे पुरुषच राहतात, तिथे तुझी सोय नाही. आमचं घर डोंबिवलीत. मी, बायको आणि मुलगी, मुलगी एम.एस्सी. करतेय. एक कॉट रिकामी आहे. वाडी सांग, तुझ्या बाबांचे कोणीतरी माझ्या ओळखीचे निघतीलच. त्यांच्याशी मी बोलतो, हिला तुझ्या आईशी बोलायला सांगतो. तीन महिने म्हणालीस ना, सहा लागले तरी हरकत नाही. माझ्या वडिलांना असंच कोणीतरी जागा दिली होती.

सड्यावरचा

काका, जेवणाखाण्याचा खर्च मी वाटून घेतो. नको म्हणू नका.

गिरणगाव ते गुहागर

खर्चाचं नको. गावी गेलास की तिच्या बाबांना भेटून ये, कोणीतरी समोर बसून बोललेलं बरं.

केवडा

काका, व्यनि केलाय, वाडीचं नाव त्यात आहे. सड्यावरचा दादा, बाबा बंदीमुळे सध्या घरीच आहेत, कधीही या.

आई विचारतेय, तांदूळ किती पाठवू. रिकाम्या हाती जायचं नाही म्हणते.